सतरा बागा आणि एक चहाचं हॉटेल

सकाळी सव्वासहाला शेठचा फोन.

"सर, चार पिकअप अन् तोडणीच्या दोन टोळ्या वडीगोद्री फाट्यावर उभ्या हायेत. तुमचं ॲप म्हणतंय, मोसंबीची बाग आली. इथं तर भजी तळायलेत."

"पाच मिनिटांत सांगतो," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य कोणीच खरं धरत नाही, सांगणाराही नाही.

शेठ जालन्याचे, मोसंबीची अडत. सप्टेंबर चालू होता, आंबे बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या मोसंबीचा, माल उतरायला लागलेला. अंबड-घनसावंगी पट्ट्यात बाग शोधण्यातच गाडीवाल्यांचा अर्धा दिवस जातो, म्हणून त्यांनी आम्हाला साधं काम दिलं होतं. शेतकऱ्याचं नाव, झाडं किती, मालाचा अंदाज आणि बाग कुठं आहे, एवढीच नोंद ठेवणारं ॲप. आम्ही दोघे, छत्रपती संभाजीनगरात एका गाळ्यात बसून फ्लटरमध्ये, म्हणजे मोबाइल ॲप बनवायच्या साधनात, असलीच कामं करतो.

नकाशा स्वतः बनवायचा प्रश्नच नव्हता. ठिकाण निवडायचा तयार कंपोनंट मिळतो, तो घेतला. मधोमध स्थिर पिन, तिच्याखाली बोटानं सरकणारा नकाशा, वर शोधायची पट्टी, खाली आडवं रुंद निळं बटण, 'सध्याचं ठिकाण वापरा'. पॅकेजची एक ओळ टाकली, नकाशा वापरायची 'की' (सेवेचा परवाना-क्रमांक) जोडली, परवानग्या लिहिल्या, झालं. रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे वापरायला द्यायच्या ॲपमध्ये, नकाशा कोराच आला, कारण त्या बिल्डचा एसएचए-1 ठसा (ॲपची ओळख पटवणारा आकडा) त्या 'की'च्या यादीत टाकायचा राहिला होता. हे सगळ्यांचंच एकदा होतं. दोन दिवसांत काम हातावेगळं. सिडकोतल्या माझ्या घरून तपासलं तर पिन बरोब्बर आमच्या बिल्डिंगवर, खाली गल्लीसकट पत्ता. शेठ खूश, मी त्याहून खूश.

फोन ठेवून लॅपटॉप उघडला. एकूण 43 नोंदी. पत्त्याच्या रकान्यात 31 ठिकाणी एकच मजकूर, 'अननेम्ड रोड, महाराष्ट्र'. रस्त्याला नाव नसलं की पत्ता शोधणारी सेवा हेच लिहून मोकळी होते, आणि शिवारातल्या कुठल्या गाडीवाटेला नाव असतं? आठवड्यापूर्वी एका ड्रायव्हरनं मला फोन करून विचारलंच होतं, "सर, हे अननेम्ड गाव कोणत्या तालुक्यात येतं?" तेव्हा मी हसलो होतो.

मग अक्षांश-रेखांश बघितले. 17 नोंदींत फरक होता तो चौथ्या दशांशात, तोही तीन-चार आकड्यांचा. चौथ्या दशांशाचा एक आकडा म्हणजे जमिनीवर साधारण 11 मीटर. म्हणजे चाळीसेक मीटरच्या चौकोनात सतरा बागा. मोसंबी 6 बाय 6 मीटरवर लावली तर तेवढ्या जागेत पन्नास झाडंही बसत नाहीत, आणि नोंदीत एकेकाची सहाशे-सहाशे.

गाडी काढली. पाचोड मागे टाकून फाट्यावर पोचायला दीड तास लागला. टोळीतल्या बाया रिकामे क्रेट उलटे घालून त्यावर बसल्या होत्या. शेठ काही बोलले नाहीत, नुसता चहा मागवला. शिव्या परवडल्या असत्या.

नोंदी करणारी दोन पोरं तिथंच सापडली. शेठ त्यांना नोंदीमागं पैसे देत. हॉटेलात चार्जिंगच्या बोर्डाशेजारचं टेबल ही त्यांची बैठक. शेतकऱ्यांची यादी हातात, एकेकाला फोन लावायचा, झाडं विचारायची, आणि नकाशाचं पान आलं की खालचं निळं बटण दाबायचं. दाबल्याशिवाय पुढं जाता येत नाही म्हणून दाबलं, असं त्यांचं म्हणणं.

"वरती गाव शोधायचं ना रे," माझा पार्टनर म्हणाला.

"शोधलं की सर. पिंपळगाव टाकलं तर नाशकाकडचं आधी येतंय. अन् आपलं सापडलं तरी पिन गावात मारुतीपाशी. बाग तिथून तीन किलोमीटर."

खरं होतं. शहरात माणूस जिथं राहतो तिथंच त्याला पार्सल हवं असतं. त्या हिशेबानं केलेलं ते बटण मी जसंच्या तसं उचलून शेताच्या कामाला लावलं होतं. पोरांवर चढवलेला आवाज जरा खाली घेतला.

तेवढ्यात यादीतलेच एक आजोबा आले. टोळी का आली नाही म्हणून बघायला स्वतःच फाट्यावर. त्यांच्यापुढं फोन धरला. "आजोबा, तुमची बाग दाखवा यात."

त्यांनी बराच वेळ बघितलं. फिकट पांढुरकी पाटी, मधून एक रस्त्याची रेघ. "यात काय दावू? समदं कोरंच हाये."

फोन केबलनं लॅपटॉपला जोडलेलाच होता. कोडमध्ये नकाशाचा प्रकार 'नॉर्मल' होता, तो 'हायब्रिड' केला. एक शब्द बदलला आणि त्याच पाटीवर उपग्रहाचं चित्र आलं. आजोबांनी फोन हातभर लांब धरला, काच उपरण्यानं पुसली, आणि बोट चालायला लागलं. "हा जायकवाडीचा कॅनॉल. ही चारी. चारीच्या खालून आमचा बांध... ही हीर." काळा गोल ठिपका, विहीरच. मी तिथं पिन ठेवली.

पण बोट थांबेना. "शेततळं कुठं गेलं?"

"फोटो जुना असेल, आजोबा."

त्यांनी पुन्हा डोळे बारीक केले. "हां. जुनाच. थोरला वायला निघायच्या आधीचा. मधला बांध न्हाई यात." मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "वावर एकच दिसतंय." आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

पुढचे दोन तास त्याच टेबलावर काम. निळं बटण काढून टाकलं. उपग्रहाचं चित्र पहिलं, आणि पुरेसं झूम केल्याशिवाय पिन पक्की होणार नाही. एका पोराच्या नोंदी कॅनॉलच्या पाण्यात का पडत होत्या तेही कळलं. अँड्रॉइड 12 पासून परवानगी मागताना 'अचूक' की 'अंदाजे' असं विचारतं, त्यानं 'अंदाजे' दाबलं होतं. अंदाजे म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरच्या आत कुठंही. आता अचूक नसेल तर ॲप तसं मराठीत सांगतं आणि अडून बसतं. चित्रामुळं डेटा जास्त जातो, शिवारात रेंज एक काडी, त्यामुळं पान हळू उघडतं. त्यावर अजून चांगला तोडगा मिळालेला नाही.

टोळ्या दुपारी आजोबांच्या बागेत उतरल्या. त्यांची अर्धी हजेरी शेठनं आमच्या बिलातून कापली. आम्ही हूं की चूं केलं नाही.

पत्त्याचा रकाना मात्र मी पूर्ण उडवला. 'अननेम्ड रोड' परत बघायचं नव्हतं. त्या जागी हातानं लिहायची एक रिकामी चौकट ठेवली, वर शब्द एवढाच, 'खूण'. संध्याकाळी परतताना पाचोडजवळ गाडी थांबवून बघितलं, तर पहिली नोंद आली होती:

'चारीच्या पुलावरून डावीकडं. मोठं लिंबाचं झाड. हॉर्न वाजवू नका, कुत्रं मोकळं आहे.'