आज अंगणातल्या कोंबड्या कापल्या

42 दिवसांपूर्वी गोराईतल्या घरी ब्रॉयलरची 12 पिल्लं आणली. पहिला आठवडा रात्री दोनदा उठायचे. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की थंडी, लांब पांगली की उकाडा. 33 अंशांच्या आसपास ऊब लागते त्यांना. एक पिल्लू तिसऱ्याच दिवशी गेलं, तेव्हा खूप रडले. उरलेली 11 आज दोन-दोन किलोंची झाली होती.

काल रात्रीपासून खाद्य बंद, फक्त पाणी. पोटं रिकामी असली की साफ करताना घाण मांसाला लागत नाही. पहाटे मामा आले. सुरी धरली आणि माझा हात थरथरायला लागला. मामा म्हणाले, "धार चांगली आहे बाळा. एकदाच फिरव, तिचे हाल नकोत." डोळे भरून आले, पण फिरवली.

मग साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवून पिसं काढली. दुसरीच्या वेळी पाणी जास्त तापलं आणि कातडी फाटली. सगळ्यात जपावं लागतं ते पित्ताच्या पिशवीला. फुटली की मांस कडू. अकराही पिशव्या अख्ख्या निघाल्या! मग सगळं बर्फाच्या पाण्यात.

रात्री आईने रस्सा केला. पहिला घास घेताना कोणीच बोललं नाही. मामांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.