शब्द मोजणारं टूल कसं पारखते: माझा अनुभव
नवं ऑनलाइन टूल दिसलं की मी त्यात आधी तीनच शब्द टाकते: 'मराठी शब्द मोजा'. उत्तर 3 आलं तरच पुढे जायचं. काही टूल 0 दाखवतात, काही चक्क 6. शून्य दाखवणाऱ्याला रोमन सोडून दुसरी लिपीच ठाऊक नसते. सहाची गंमत वेगळी. काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्या साठवण्याच्या पद्धतीत) स्वतंत्र चिन्हं म्हणून साठवली जातात; कच्चं टूल प्रत्येक चिन्हापाशी शब्द तोडतं. 'मराठी'चे होतात 'मर' आणि 'ठ', 'शब्द'चे 'शब' आणि 'द'. इंग्रजी मजकूर हेच टूल बिनचूक मोजतं, म्हणून दोष चटकन लक्षात येत नाही.

मग त्याच ओळीत शब्दांमध्ये तीन-चार स्पेस द्यायच्या. आकडा वाढला, तर ते शब्द नव्हे, स्पेस मोजतंय. पुढे दोन्ही बाजूंना जागा सोडून एक डॅश. इथे मात्र टूलला दोष देता येत नाही, कारण मायक्रोसॉफ्ट वर्डसुद्धा असा सुटा डॅश एक शब्द धरतो. डॅशांची हौस असलेल्या लेखात एवढ्यानेच दोन टूलांचे आकडे जुळत नाहीत. मर्यादा 1000 शब्दांची असली की मी 980पाशी थांबते.

अक्षरसंख्या हे आणखी फसवं प्रकरण. 'स्त्री' आपल्या लेखी एकच अक्षर. बहुतेक टूलांच्या लेखी सहा: स, मोडलेला पाय, त, पुन्हा मोडलेला पाय, र, दीर्घ वेलांटी. बाइट, म्हणजे साठवणुकीची एककं, मोजणारं असेल तर प्रत्येकाचे तीन धरून 18! अर्जातल्या '500 कॅरेक्टर'च्या चौकटीत मजकूर मध्येच कापला जातो तो यामुळेच. तिथे मोठा आकडा धरून लिहिलेलं बरं.

अप्रकाशित लेखन पेस्ट करण्याआधी एक गोष्ट नक्की पाहते. पान उघडायचं, इंटरनेट बंद करायचं आणि एखादी फुटकळ ओळ टाकायची. आकडा बदलला तर मोजणी ब्राउझरमध्येच होते. टूल अडून बसलं, तर मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जात असणार; तिथे कथा टाकत नाही.

गूगल डॉक्समध्ये लिहिणाऱ्यांना कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून आकडा मिळतोच. फक्त तळटीपा त्यात धरलेल्या नसतात, त्या वेगळ्या कॉपी करून मोजाव्या लागतात.