जलचक्राची स्लाइड, नोंद ४: बाण अखेर गोलावर बसले

पॉवरपॉइंटमध्ये जलचक्राचे पाच टप्पे वर्तुळावर मांडून बाणांनी जोडायचे होते. पाचही बाण एकसारखे आले! मागच्या नोंदीत स्मार्टआर्टची (पॉवरपॉइंटमधल्या तयार आकृत्यांची) चक्राकृती ‘कन्व्हर्ट टू शेप्स’ने साध्या आकारांत बदलून, कंट्रोल-शिफ्ट-जी दाबून सुटी केली होती. कारण स्मार्टआर्टमध्ये एका चौकटीत ‘भूजल पुनर्भरण’ लिहिलं की ‘वृष्टी’चं अक्षरही तेवढंच बारीक होतं.

सुट्या चौकटी जोडायला आधी कर्व्हड कनेक्टर, म्हणजे दोन आकार जोडणाऱ्या वळणदार रेघा घेतल्या. वरच्या चौकटीच्या उजव्या बिंदूपासून उजवीकडच्या चौकटीच्या डोक्यापर्यंत सुंदर वळण आलं. पण तिथून खालच्या चौकटीकडे जाताना रेघ नागमोडी झाली. कनेक्टर फक्त दोन टोकं आणि त्यांच्या दिशा बघतो. मधल्या वर्तुळाशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून ‘आर्क’, म्हणजे वर्तुळाच्या कंसाचा आकार घेतला. स्लाइड ३३.८७ × १९.०५ सेमी, वर्तुळाचं केंद्र १६.९३ आणि ९.५३, त्रिज्या ६. म्हणजे आर्कची उंची-रुंदी १२ आणि पोझिशन १०.९३, ३.५३. पिवळ्या ठिपक्यांनी टोकं ओढून एक बाण नीट केला, त्याच्या चार प्रती तिथेच ठेवून रोटेशन ७२, १४४, २१६, २८८ दिलं. दुसऱ्याच बाणाचं टोक चौकटीखाली गडप!

इथे बराच वेळ गेला. आकडे बरोबर होते, दोष चौकटीच्या आकारात होता. ५ × २.२ सेमीची आडवी चौकट माथ्यावर वर्तुळाचे सुमारे ४९ अंश झाकते, उजव्या बाजूला मात्र जेमतेम २२. मोकळी जागाच दर वेळी वेगळी, मग एकच बाण फिरवून कसा बसणार? पाचही बाणांची टोकं वेगवेगळी ओढता येतात, पण त्या ठिपक्यांना आकडा देता येत नाही, सगळं नजरेवर. ते नको.

चौकटी काढून ३ सेमीचे गोल ठेवले. गोल कुठेही साधारण २९ अंशच झाकतो, त्यामुळे नजरेने लावलेला एक बाण उरलेल्या चारही ठिकाणी चपखल बसला. गोलांची केंद्रं (डावीकडून/वरून, सेमी): १६.९३/३.५३, २२.६४/७.६७, २०.४६/१४.३८, १३.४१/१४.३८, ११.२३/७.६७. पोझिशनमध्ये डावा-वरचा कोपरा लागतो, म्हणून दोन्ही आकड्यांतून १.५ वजा करा. गोलात क्रमांक, नाव बाहेर. वरच्या गोलाचं नाव त्याच्या उजवीकडे घ्या, नाहीतर ते शीर्षकात घुसतं.

फॉन्टचं थोडक्यात. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगल हा फॉन्ट ठरलेला असतो, तो आकृतीत किरकोळ दिसतो. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टचे ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, पण त्यात ठळक वजन (अक्षराची जाडी) नाही. ‘बोल्ड’ दाबलं तर पॉवरपॉइंट अक्षर नुसतं फुगवतं. लेबलांना मुक्ता उत्तम, सात वजनं मिळतात. दुसऱ्याच्या संगणकावर दाखवायचं असेल तर सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड (समाविष्ट) करा.

पुढे नावं एकेक करून उमटवायची होती. पण बाण ७२ अंशांनी फिरवले की चित्र तेच राहतं, मग मॉर्फने (दोन स्लाइडमधला फरक हालचालीने दाखवणाऱ्या ट्रान्झिशनने) पाणी फिरताना का दाखवू नये? आधी हेच करायचं. स्लाइडची प्रत काढून सिलेक्शन पेनमध्ये (स्लाइडवरच्या आकारांच्या यादीत) दोन्हीकडे ‘!!बाण१’ अशी नावं द्यायची, म्हणजे मॉर्फला जोड्या कळतात, आणि प्रत्येक बाणाचं रोटेशन ७२ने वाढवायचं. ग्रुप करायचा नाही. अडचण पाचव्या बाणाची: २८८ नंतर ३६०, म्हणजे पुन्हा ०. तो उलटा फिरतो का, ते करून पाहायचं.