काल गच्चीवर जेवलो

"अरे, आज आपण समोरासमोर बसलोय!" भाकरी मोडता मोडता बायको एकदम म्हणाली.

हॉटेलात न जाता गच्चीवरच जेवायचं ठरवलं होतं. सतरंजी, पिठलं-भाकरी, ठेचा, कोपऱ्यावरच्या मावशींकडून २० रुपयांचा मोगऱ्याचा गजरा. रात्री दहाला विविध भारतीवर छायागीत लावलं. गजरा सोडला तर वेगळा खर्च काहीच नाही.

पण तिचं ते वाक्य आज दिवसभर डोक्यातून गेलं नाही. आम्ही रोज एकत्रच जेवतो की! सोफ्यावर, शेजारी शेजारी, दोघांची तोंडं टीव्हीकडे. तिच्या डाव्या भुवईत एक बारीक पांढरा केस आलाय, तो मला काल दिसला. कधी आला असेल? फार गोड दिसतो तो तिला.

घराचा हप्ता, मुलांची फी, यातून हात मोकळा झाला की मग दोघांनी कुठेतरी जाऊ, असं म्हणत किती संध्याकाळी आपण पुढे ढकलतो.

सध्या मोगरा भरपूर आलाय. तुम्ही दोघं घरच्या घरी अशी संध्याकाळ कशी घालवता? सांगा ना, येत्या शनिवारी आम्हीही करून बघू.