सेन्नेजेमचं शेत

इजिप्तमध्ये लक्सॉरला गाव नाईलच्या पूर्वेला आहे आणि थडगी पश्चिमेला. सूर्य मावळतो त्याच दिशेला मेलेली माणसं जातात, या श्रद्धेपोटी प्राचीन थीब्जच्या (हे लक्सॉरचंच जुनं नाव) लोकांनी शेकडो वर्षं आपली माणसं नदीपलीकडे नेऊन पुरली. आजही लक्सॉर मंदिराजवळच्या धक्क्यावरून साधी फेरीबोट पलीकडे जाते. शाळेची पोरं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, सायकली, आणि त्यांच्यात आई आणि मी.

पलीकडे उतरलं की आधी लागतो तो ऊस. मग बरसीम, मग पुन्हा ऊस, मधूनच ऊस वाहून नेणाऱ्या गाडीचे अरुंद रूळ. मेम्नॉनचे दोन प्रचंड बसलेले पुतळे मागे टाकले आणि हिरवं एकदम संपलं. कमी कमी होत गेलं असं नाही, संपलंच. शेवटच्या वाफ्याच्या कडेला उभं राहिलं तर एक पाय ओल्या काळ्या मातीत आणि दुसरा तापलेल्या वाळूत ठेवता येतो. आईचं माहेर परभणीकडचं, जन्म शेतीत गेलेला. तिने खाली वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाली, "आपल्यासारखीच आहे गं, काळी."

इजिप्तची माणसं मरणाच्या नादी लागलेली होती, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पिरॅमिड, ममी, शाप. पश्चिम काठावर फिरल्यावर मला हे पटेनासं झालं. आपल्याकडे साधुसंतांपासून आजीपर्यंत सगळ्यांनी मागितलं ते सुटका, या फेऱ्यातून एकदाचं मोकळं होणं. या लोकांना सुटका नको होती. त्यांना हेच सगळं परत हवं होतं: हीच नदी, हाच गहू, हीच बायको, हेच नाव. आणि ते मिळवण्यासाठी त्यांनी जो खटाटोप केला, तो पाहायला राजांच्या कबरींआधी मजुरांच्या गावात जायला हवं.

त्या गावाचं आजचं नाव देर अल-मदिना. राजांच्या खोऱ्यातल्या कबरी ज्यांनी खोदल्या आणि रंगवल्या, ते पाथरवट, चितारी आणि लेखनिक इथे पिढ्यानपिढ्या राहिले, साधारण चारशे वर्षं. घरांची जोती अजून उभी आहेत. मधून एक चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून घरं, भिंत संपताच डोंगर. गावात विहिरीला पाणी नव्हतं, खालून गाढवांवर लादून पाणी यायचं. पगार धान्यात, गहू आणि जव. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी हे धान्य वेळेवर मिळेना, तेव्हा याच माणसांनी काम टाकलं आणि धरणं धरून बसले. लेखी नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानतात. पाणी गाढवावरून आणि धान्य सरकारच्या मर्जीवर, या दोन गोष्टी लक्षात ठेवून वर कबरीत जावं.

सेन्नेजेम हा इथला कारागीर, पहिला सेती आणि दुसरा रामसेस या राजांच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी 13 व्या शतकातला. त्याचं घर गावाच्या टोकाला आणि कबर घराच्या अगदी वर, डोंगरात. ती 1886 साली सापडली तेव्हा लाकडी दार जागच्या जागी होतं आणि आत त्याच्या कुटुंबातले 20 जण होते. आता आत काहीच नाही. शवपेट्या आणि सामान कैरोपासून न्यूयॉर्कपर्यंत पांगलं. उरल्यात फक्त भिंती.

उभ्या पायऱ्यांवरून वाकून उतरायचं, आणि कमानीच्या छताची एक छोटी खोली. सगळीकडे पिवळाधमक रंग, तीन हजार वर्षांपूर्वीचा, कालच हात फिरवल्यासारखा. पूर्वेची भिंत अख्खी शेताची आहे. हे इआरूचं रान, त्यांचा परलोक. चहूबाजूंनी निळ्या पाण्याचे पाट, आणि त्या पाण्याच्या चौकटीत सेन्नेजेम आणि त्याची बायको इयनेफर्ती राबताहेत. तो विळ्याने गव्हाच्या नुसत्या ओंब्या कापतोय, ती मागून टोपलीत गोळा करतेय. खालच्या पट्टीत तो नांगर धरून आहे, ठिपक्यांच्या दोन गायी पुढे, ती मागून बी टाकतेय. त्याखाली खजूर आणि दूमचे माड, फळांनी लगडलेले.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग एका पट्टीकडे बोट करून म्हणाली, "हे जवस आहे. बघ, उपटतायत, कापत नाहीत." आणि खरंच जवस होतं. आपल्याकडे तेलासाठी आणि चटणीसाठी लावतात, तिथे धाग्यासाठी. धागा लांब मिळावा म्हणून मुळासकट उपटायचा. ज्या लिननच्या पट्ट्यांत सेन्नेजेमला गुंडाळलं, त्या याच पिकाच्या. पुढे तिने विचारलं, "पण शेतात इतकी पांढरी कापडं घालून कोण जातं?" मला वाटतं, सगळं उत्तर त्यातच आहे. काम तेच, पण कपडे मळत नाहीत. पाठ वाकलेली नाही. पाणी दारात आहे. मृतांसाठीच्या मंत्रांत या रानातला गहू सात हात उंच वाढतो असं सांगितलंय. ज्यांचं पाणी गाढवावरून यायचं त्यांच्या स्वर्गात सगळीकडे पाट वाहतात, आणि ज्यांचं धान्य थकायचं त्यांच्या स्वर्गात ते डोक्यावर जातं.

तिथेही राबायला नको वाटलं तर त्याचीही सोय होती. उशब्ती नावाच्या छोट्या मूर्ती सोबत पुरायच्या. परलोकात कामाची हाक आली की त्यांनी "हा मी आलो" म्हणून पुढे व्हायचं. तुतनखामुन राजाबरोबर अशा 413 होत्या. मला मात्र स्वतः नांगर धरलेला सेन्नेजेमच जास्त आवडला.

आता आत्म्याविषयी. आपण एक देह आणि एक आत्मा अशी विभागणी करतो. इजिप्तच्या माणसाचे भाग अनेक होते: देह, हृदय, नाव, सावली, 'का' आणि 'बा'. मरण म्हणजे ही सगळी मोट सुटणं, आणि अंत्यविधी म्हणजे ती पुन्हा बांधणं. 'का' ही माणसाबरोबरच जन्मणारी जीवनशक्ती. लक्सॉर मंदिराच्या एका आतल्या खोलीत, भिंतीवर, ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर तिसऱ्या आमेनहोतेपला घडवतोय. चाकावर दोन सारखी मुलं आहेत: एक राजा आणि दुसरा त्याचा का. कोरीवकाम इतकं झिजलंय की उजेड तिरका पडला तरच दिसतं, पण दिसल्यावर तिथून हलवत नाही. या का-ला भूक लागते. म्हणून थडग्यात भाकरी, मद्य, मांस ठेवायचं. पश्चिम काठावर आम्ही राहिलो त्या घरात बाई रोज सकाळी कणकेचे गोळे मातीच्या चकत्यांवर ठेवून उन्हात फुगायला ठेवायच्या. ती जाड, गोल उन्हातली भाकरी खाल्ल्यावर कबरीतल्या नैवेद्याच्या चित्रांतले ढीग मला पहिल्यांदा खाण्याचे वाटले, तोवर ते नुसते आकार होते.

बा म्हणजे माणसाचं डोकं असलेला पक्षी. दिवसा तो कबरीबाहेर उडून जातो, झाडावर बसतो, पाणी पितो आणि रात्री आपल्या देहाकडे परततो. देह सांभाळण्याची सगळी धडपड यासाठी, बा-ला परत यायला घर हवं. दहाव्याला पिंडापाशी कावळ्याची वाट पाहत ताटकळलेल्या कुणालाही गेलेलं माणूस पाखरू होऊन येतं हे समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की आपला कावळा शिवला की आपण मोकळे होतो. त्यांचा बा रोज यायला हवा, कायमचा.

सगळे भाग पुन्हा एकत्र आले की माणूस आख होतो, तेजस्वी, समर्थ, जिवंतांना मदत करू शकणारा आणि त्रासही देऊ शकणारा. देर अल-मदिनाच्या घरांत अशा पूर्वजांच्या छोट्या शिळा कोनाड्यांत ठेवलेल्या असत. आणि त्यांना पत्रंही लिहीत. असं एक पत्र आज नेदरलंड्समध्ये लायडनला आहे. एका विधुराने अंखिरी नावाच्या आपल्या मेलेल्या बायकोला ते लिहिलं आणि एका स्त्रीच्या लाकडी मूर्तीला बांधून ठेवलं. तो विचारतो, मी तुझं काय वाईट केलं म्हणून तू माझ्या मागे लागलीस? तू आजारी पडलीस तेव्हा मी वैद्य आणला, तू गेल्यावर रडलो, तुला गुंडाळायला चांगलं कापड दिलं, तीन वर्षं एकटा राहिलो. परलोकावर इतका भाबडा आणि इतका गाढ विश्वास मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. भांडण मिटायचं राहिलं म्हणून माणूस मेल्यावरही ते चालू आहे.

गावाच्या टोकाला हाथोर देवीचं, टॉलेमी या नंतरच्या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातलं छोटं मंदिर आहे, मातीच्या विटांच्या उंच भिंतीआड. बरेच जण कबरी पाहून इथूनच परत फिरतात, पण डावीकडच्या गाभाऱ्यात जरूर जा. तिथे न्यायाचा प्रसंग कोरलाय. तो सहसा पपायरस या जुन्या कागदावर किंवा कबरीत सापडतो, देवळात क्वचितच. तराजूच्या एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्यदेवता मातचं पीस. देवांचा लेखनिक थोथ लिहून घेतोय. समोर मृतांचा देव ओसायरिस, आणि जबडा उघडून बसलेली अम्मित, जिचं तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड भरलं की ती ते खाणार, आणि मग माणूस उरणारच नाही.

42 देवांसमोर मृताने आपण काय केलं नाही ते सांगायचं असतं. खून केला नाही, चोरी केली नाही, मापात मारलं नाही, कुणाला रडवलं नाही, लेकरांच्या तोंडचं दूध काढून घेतलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही. हे शेवटचं मी आईला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. पाटाच्या पाण्यावरून सख्खे भाऊ वैरी झालेले तिने पाहिलेत. पण मला सगळ्यात भिडतो तो दुसरा मंत्र, हृदयावर ठेवायच्या, भुंग्याच्या आकाराच्या दगडी ताइतावर कोरलेला. त्यात माणूस आपल्याच हृदयाला विनवतो: माझ्या आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, न्यायसभेत माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. मेंदू काढून टाकणाऱ्या या लोकांनी हृदय मात्र देहातच ठेवलं, कारण सगळं त्याला माहीत होतं.

त्यांना शंका कधी आलीच नाही असं नाही. वीणा वाजवणाऱ्याचं एक जुनं गाणं पपायरसवर शिल्लक आहे. त्यात तो सांगतो की तिकडून कुणी परत येऊन तिथली हकीकत सांगितलेली नाही, तेव्हा आजचा दिवस आनंदात घालव. अशी गाणी कबरींच्या भिंतींवरही कोरली गेली. शंका त्यांनी पुसली नाही, बाजूला लिहून ठेवली आणि शेतं रंगवत राहिले. मला हा मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

नाव मात्र पुसलं जाई, मुद्दाम. जवळच फॅरो झालेल्या हात्शेप्सुत राणीचं मंदिर आहे, तिथे तिच्या आकृत्या छिन्नीने नेमक्या बाह्यरेषेपुरत्या खरवडलेल्या दिसतात. नाव गेलं की माणूस दुसऱ्यांदा मरतो. म्हणूनच जुन्या शिळांवर येणाऱ्याजाणाऱ्याला विनंती असते: काही आणलं नसलं तरी चालेल, नुसतं म्हण, याला हजार भाकरी, हजार घडे मद्य. तोंडाच्या वाफेला काही खर्च येत नाही. मी सेन्नेजेमच्या खोलीत ते म्हटलं, त्याचं आणि इयनेफर्तीचं नाव घेऊन, मराठीत, मोठ्याने. आईनेही म्हटलं.

जाणार असाल तर थंडीत जा आणि सकाळी लवकर देर अल-मदिना गाठा, दहानंतर खोलीत धड उभं राहायला मिळत नाही. सेन्नेजेमशेजारी इन्हेरखाऊची कबर उघडी असते, झाडाखाली सूर्याचा शत्रू अपोप सर्पाला सुरीने कापणारं मांजर तिथलंच. पाशेदूच्या कबरीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, तेही काढा. दूमच्या झाडाखाली ओणवा होऊन पाणी पिणारा माणूस तिथे आहे. राजांचं खोरं त्यानंतर करा. तिसऱ्या थुतमोसच्या कबरीत रात्रीचे बारा तास भिंतीवर मांडलेत, सूर्य पाताळातून होडीने जातो, मध्यरात्री ओसायरिसच्या देहाशी एक होतो आणि बाराव्या तासाला भुंगा होऊन उगवतो. पायऱ्या दमवणाऱ्या आहेत, आईने खाली थांबणं पसंत केलं. पण मजुरांचं शेत पाहून वर गेलात तर तो सूर्य कशासाठी परत यायला हवा होता, ते भिंतीवर शोधावं लागणार नाही.