तुम्ही विचारलंत म्हणून : दहा नंबरची जर्सी

दर सुट्टीत चिंचवडला गेलं की प्रश्न ठरलेला असतो. आधी नणंद विचारते, मग भाचे, मग सोसायटीतल्या काकू. "सतत हरणाऱ्या संघामागे एवढी काय लागलीस गं? आणि तेही रग्बी?" पॅरिसच्या मराठी मैत्रिणी तर सरळ सल्ला देतात, तुलूझच्या बाजूने हो, त्यांच्याकडे फ्रेंच अजिंक्यपदाच्या ढालींची रास आहे, जिवाला घोर नाही. एकोणीस वर्षं मी हसून विषय बदलत आले. आता नाही बदलत. उत्तर नीट जमेल असं नाही, पण एकदा लिहून टाकते.

माझा संघ क्लेरमाँ, म्हणजे मी फ्रान्समध्ये राहते त्या क्लेरमाँ-फेराँ गावाचा रग्बी क्लब. तो सतत हरतो, हे आधी खोडून काढते. फ्रेंच अजिंक्यपद दोनदा जिंकलंय, २०१० आणि २०१७ मध्ये. युरोपातला दुसऱ्या क्रमांकाचा चषक तीनदा, १९९९, २००७ आणि २०१९ मध्ये. घरच्या मैदानावर २००९ ते २०१४ या काळात सलग ७७ सामने हरला नाही. ज्या संघाला घरी येऊन हरवायला साडेचार वर्षं कुणाला जमलं नाही, त्याला हरणारा म्हणायचं?

आणि तरी तुम्ही म्हणता ते खरं आहे, मला ठाऊक आहे. पहिलं अजिंक्यपद मिळायच्या आधी दहा अंतिम सामने हरले. १९३६, १९३७, १९७०, १९७८, १९९४, १९९९, २००१, आणि मग ओळीने तीन, २००७, २००८, २००९. ही सालं मला आमच्या घरातल्या वाढदिवसांसारखी पाठ आहेत. शेवटच्या तिन्ही वेळी मी इथे होते.

२००६ च्या शरदात नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. टायरचं गाव. हा क्लबही टायरवाल्यांचाच. १९११ मध्ये मार्सेल मिशेलिन यांनी कारखान्यातल्या कामगारांसाठी काढलेला. मैदानाला त्यांचंच नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात ते प्रतिकार चळवळीत होते, पकडले गेले आणि १९४५ मध्ये नाझींच्या छळछावणीत वारले. मला हे सगळं शेजारच्या आजोबांनी सांगितलं. त्यांनी आयुष्यभर कारखान्यात काम केलं होतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं फ्रेंच तेव्हा दुकानातल्या पावतीपुरतं. त्यांनी मला रग्बी साखरेच्या खड्यांवर शिकवली. टेबलावर इकडे पंधरा पांढरे खडे, तिकडे पंधरा तपकिरी. बॉल हाताने पुढे टाकायचा नाही, मागच्याला द्यायचा, आणि तरी सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचं. एवढं समजायला मला एक अख्खा हिवाळा लागला. पण त्या हिवाळ्यात मी घरात एकटी बसून रडले नाही, हेही खरं. माझा मुलगा त्यांना मराठीतच "आजोबा" म्हणायचा आणि ते ओ द्यायचे.

दहा नंबरचा खडा त्यांनी वेगळा काढला होता. हा फ्लाय हाफ. संघ कुठे जाणार हे हा ठरवतो, किकही बहुतेक हाच मारतो. आमचा दहा नंबर तेव्हा ब्रॉक जेम्स. ऑस्ट्रेलियाचा, तोही २००६ मध्येच क्लेरमाँला आलेला. शांत चेहऱ्याचा माणूस. लीगमध्ये सर्वाधिक गुण करणाऱ्यांत त्याचं नाव असायचं. मला तो जवळचा वाटायचा, त्याचं कारण सांगायला संकोच वाटतो. एकाच वर्षी दोघे परक्या गावात आलो होतो, आणि गाव त्याला नावाने हाक मारत होतं. मुलाला मी पाचव्या वाढदिवसाला पिवळी-निळी जर्सी आणली, पाठीवर दहा. वाढत्या अंगाची म्हणून दोन साइझ मोठी.

आता एप्रिल २०१० ची ती रात्र. खरं तर उत्तर इथेच कुठेतरी आहे, आणि हेच मी कुणाला सांगत नाही.

युरोपियन चषकाची उपांत्यपूर्व फेरी, डब्लिनमध्ये लीन्स्टरविरुद्ध. लीन्स्टर तेव्हाचे युरोपविजेते. आम्ही आजोबांकडे टीव्हीसमोर. आदल्याच वर्षी तिसरी फायनल हरलो होतो, आणि गावात बेकरीपासून बसथांब्यापर्यंत एकच बोलणं होतं, या पोरांच्या मनातच पराभव बसलाय. त्या रात्री मात्र क्लेरमाँ सुंदर खेळला. आणि ब्रॉक जेम्सच्या किक चुकायला लागल्या. एक पेनल्टी गेली. दुसरी गेली. ड्रॉप गोल, म्हणजे चालू खेळात बॉल टप्पा पाडून खांबांमधून मारायची किक, तोही गेला, आणखी एक गेला. प्रत्येक वेळी कॅमेरा त्याच्या तोंडाशी जायचा आणि तो तसाच, शांत, मागे वळून पळत आपल्या जागेवर. मला त्या शांतपणाचाच राग यायला लागला. एका गुणाचा फरक, शेवटची मिनिटं, पुन्हा त्याचाच ड्रॉप गोल, तोही गेला. २९-२८. हरलो.

मुलगा माझ्या पायाशी बसला होता. सात वर्षांचा. मी त्याला म्हणाले, "काढ ती जर्सी."

मोठ्याने नाही म्हणाले. मोठ्याने म्हणाले असते तर बरं झालं असतं, रागाच्या भरात निघालं म्हणता आलं असतं. मी अगदी साध्या आवाजात म्हणाले, जसं जेवायच्या आधी हात धू म्हणतात. त्याने काढली. शाळेत शिकवतात तशी घडी घातली, बाह्या आत, दहाचा आकडा वर, आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. मग बनियनवर बसून राहिला. एप्रिलमध्ये इथे थंडी असते. त्याच्या दंडावर काटा आलेला मला दिसत होता आणि मी हलले नाही.

आजोबा उठले. आतून आपला लोकरी स्वेटर आणला, त्याच्या डोक्यातून घातला. पार गुडघ्यापर्यंत आला तो. मला काहीच बोलले नाहीत. टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "१९७० मध्ये मी तुलूझला गेलो होतो. तीन-शून्य." ला वूल्तकडून हरलो होतो तेव्हा, रोन नदीकाठचं एवढंसं गाव, अख्ख्या फायनलमध्ये एकच ट्राय, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपार नेऊन जमिनीला टेकवणं, आणि ट्रायचे तेव्हा तीनच गुण. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, "सोमवारी कामावर गेलो. दुसरं काय करणार?"

सात आठवड्यांनी, २९ मे २०१० ला, क्लेरमाँ पेरपिन्याँला १९-६ असं हरवून पहिल्यांदा फ्रान्सचा विजेता झाला. जेम्स त्या संघात होता. दहा नंबरलाच. नालागाचा ट्राय, पाराच्या किक, आणि मग कर्णधार रूझरीच्या हातात ती लाकडी ब्रेन्यूस ढाल. ओरेलियाँ रूझरी याच गावचा, त्याचे वडील याच क्लबकडून प्रॉप म्हणून, पुढच्या फळीत खेळलेले, आणि हा पोरगा शेवटपर्यंत दुसऱ्या क्लबकडे गेला नाही. आम्ही गावच्या प्लास द जोद चौकात होतो, वेर्सँजेतोरिक्स या जुन्या गॉल सरदाराच्या घोड्यावरच्या पुतळ्यापाशी. अनोळखी माणसं गळ्यात पडून रडत होती. आजोबांना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. माझा मुलगा साध्या निळ्या टी-शर्टमध्ये होता. निघताना मी जर्सी पुढे केली होती. "नको," म्हणाला, "लहान होते." लहान होत नव्हती.

तेव्हाची मी आजच्या माझ्याशी अजून भांडते. ती म्हणते, पगार घेऊन खेळतात, चुकले तर प्रेक्षक बोलणारच, प्रेम आहे म्हणून तर राग येतो. मी तिला म्हणते, राग खेळाडूवर होता तर अंगावरचा कपडा मुलाचा का उतरवलास? ती म्हणते, गावाने तीन वर्षं जे सोसलं ते तूही सोसत होतीस, तुला कुणी विचारलं? हेही खोटं नाही. भाषा न येणाऱ्या बाईला गावाच्या दुःखात जागा मिळाली होती, आणि ती जागा टिकवायला मी गावासारखी बोलायला गेले. गाव तरी खरंच तसं बोलत होतं का? आजोबा नव्हते बोलत.

म्हणून मला २०१३ ची युरोपियन फायनल वेगळी दुखते. पुन्हा डब्लिन, समोर तूलों, फ्रान्सचाच दुसरा क्लब. दुसऱ्या डावात नालागाचा ट्राय, मग जेम्सचा, होय, त्याच जेम्सचा. १५-६ ने पुढे. आणि मग तूलोंचा डेलन आर्मिटेज बॉल घेऊन सुटला, आणि रेषेकडे धावता धावता पाठलाग करणाऱ्या जेम्सला हात हलवून टाटा केला. वर त्यांच्या विल्किन्सनच्या किक. १६-१५. लोक त्या हात हलवण्यावर संतापले, उद्धटपणा म्हणाले. मी गप्प बसले. माणसाला सगळ्यांदेखत लहान करायचं म्हणजे काय, ते मला आर्मिटेजकडून शिकायचं नव्हतं.

बाकी सगळं तुम्हाला माहीत आहे. २०१५ आणि २०१७ च्या युरोपियन फायनलही हरलो. जेम्स दहा हंगाम खेळून २०१६ मध्ये ला रोशेलला गेला, आणि पुढच्याच वर्षी आम्ही तूलोंला हरवून दुसरी ढाल आणली, त्याच्याशिवाय. मला त्या दिवशी आनंद झाला नाही असं नाही. पण मी मैदानात दहा नंबर शोधत होते आणि तिथे लोपेझ होता.

तर, का? तुलूझकडे का जात नाही? कारण तिथे माझं काही देणं नाही. इथे आहे. हे उत्तर पुरेसं नाही, नणंदेला तर मुळीच पटणार नाही.

आजोबा आता नाहीत. मुलगा ल्योंला शिकतो, सामना संपला की फोन करतो, आम्ही स्क्रमपासून रेफरीपर्यंत सगळं बोलतो. ती रात्र कधी निघाली नव्हती. गेल्या दिवाळीत मीच काढली, करंज्या तळताना, त्याच्याकडे पाठ करून. जर्सीचं आठवतं का रे, म्हटलं. तो म्हणाला, "कुठली जर्सी? मला आजोबांचा स्वेटर आठवतो. मानेला टोचायचा."

तो खरं बोलला की माझ्यासाठी बोलला, ते मला कळलं नाही. मी झारा कढईवर धरून उभी राहिले, आणि तो म्हणाला, आई, करपतायत.