टॅपेट वाजतोय, वाजू दे

खडखड, खुळखुळ, किरकिर, घरघर, टिकटिक, भुणभुण. आवाजाच्या बाबतीत मराठी माणूस एवढा श्रीमंत, पण गॅरेजच्या दारात मोटरसायकल उभी केली की तोंडून निघतं ते एवढंच, ‘आवाज येतोय बघा.’ फिटर दोनदा रेस देतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘इंजिन खोलावं लागेल.’ आणि वाजत असतो साडीगार्डचा एक ढिला बोल्ट.

साडीगार्ड ही खास आपल्याकडची चीज. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागच्या चाकाला निदान अर्ध्यापर्यंत आडोसा सक्तीचा केला. त्यामुळे घरात साडी नेसणारं कुणी नसलं तरी ती जाळी गाडीला असतेच, आणि दोन-तीन बोल्टांवर लटकलेली असल्याने वाजतेही. म्हणून पाना उचलण्याआधी हात वापरावा. गाडी सुरू ठेवून साडीगार्ड, नंबरप्लेट, मडगार्ड, लेगगार्ड, चेनकव्हर एकेक करून दाबत जायचं (तापलेला सायलेन्सर सोडून). ज्याला दाबल्यावर आवाज बसतो तो चोर. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून वॉशर म्हणून घातला की बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

नाही मिटलं तर आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे विचारावं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तिशी-चाळिशीच्या वेगात क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. इंजिन मंदावलं आणि आवाजही मंदावला, तर तो इंजिनाचा. इंजिन शांत झालं तरी गाडीच्या वेगाबरोबर तो चालूच राहिला, तर चेन, बेअरिंग किंवा ब्रेक. उभ्या गाडीवर न्यूट्रलमध्ये क्लच दाबताच जो आवाज थांबतो, तो क्लच किंवा गिअरबॉक्सकडचा. खड्ड्यात किंवा पुढचा ब्रेक मारताना हँडलपाशी ‘टक्’ होत असेल, तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, सैल झालाय. एवढ्यानेच निम्मी गाडी संशयातून सुटते.

चेनचं दुखणं बहुधा सैलपणाचं. गाडी मुख्य स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. खालच्या बाजूला चेनच्या दोन्ही दातेरी चाक्यांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करायची. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर हालचाल हवी. पण मागचं चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजावं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ लागते ती जागा प्रमाण मानायची. सैल चेन गतिरोधकावर कव्हरला खट् खट् आपटते, हे निदान ऐकू तरी येतं. खरी चूक उलटी होते, आवाज नको म्हणून चेन तारेसारखी ताणली जाते. मग मागे माणूस बसला की ती आणखी ताठते आणि इंजिनाच्या चाकीमागचं बेअरिंग घरघरायला लागतं. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवायच्या, आणि जोडकडीच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते तिकडे. उलटी बसवलेली क्लिप आज ना उद्या रस्त्यावर राहते.

आता टॅपेट. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनापासून जुन्या बुलेटपर्यंत सर्वांत बदनाम आवाज हाच. स्प्लेंडरसारख्या इंजिनात व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात जाणूनबुजून ठेवलेली फट असते, तिचीच ही टिकटिक. शंभर सीसीत ती साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीच्या आसपासचा हा कारभार! व्हॉल्व्ह तापला की लांबतो, त्याला जागा हवी म्हणून ही फट. ती नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. टेकतो तेव्हाच तो आपली उष्णता हेडला देऊन थंड होत असतो. टेकला नाही की कडा जळतात. कॉम्प्रेशन जातं, किक हलकी लागते, तापलेली गाडी सुरू व्हायला नखरे करते. व्हॉल्व्ह बैठकीत झिजत जातो तशी फटही कमी होत जाते, म्हणजे इंजिन दिवसेंदिवस गोड चालायला लागतं. जुनी गाडी काहीही न करता शांत झाली, तर खूश न होता फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, काढावा.

शंभर सीसीच्या गाडीचं हे काम घरी जमण्यासारखं आहे, अट एकच, इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढायचा, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. हेडवरच्या दोन्ही टॅपेट कॅप आणि डावीकडे मॅग्नेटो कव्हरवरची झाकणं उघडायची. क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत ‘टी’ची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची, खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आणायची. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले तर ठीक. नसतील हलत, तर आणखी एक पूर्ण फेरा. मग लॉकनट ढिला करून फट अशी ठेवायची, की गेज सरकेल पण किंचित ओढ लागेल. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. घाई इथेच नडते.

पण टिकटिक करणारा प्रत्येक जण टॅपेट नसतो. सायलेन्सरच्या तोंडाचं गॅस्केट गेलं की थेट तसाच आवाज येतो, विशेषतः सकाळी. धातू तापून पसरला की कमी होतो. थंड गाडी सुरू करताच त्या जोडावर साबणाचं पाणी टाकावं, बुडबुडे आले तर टॅपेटची माफी मागावी. डाव्या बाजूची खुळखुळ बहुधा टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चेनची. ठिकाण नक्की करायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनावर, मूठ कानापुढच्या हाडावर.

आणि हे सगळं करण्याआधी ऑइल. मुख्य स्टँडवर, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी. या गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची. ऑइल कमी असेल तर सर्वात वरचे, म्हणजे रॉकरच, आधी ओरडतात. भरताना डब्यावर ‘जासो एमए’ हे मोटरसायकलच्या ऑइलचं मानक लिहिलेलं पाहावं. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.

थंडीत पहिली दोन मिनिटं येणारी पिस्टनची कटकट तापल्यावर विरत असेल, तर गाडी चालवत राहावी, बोअरचं काम पुढे कधीतरी निघेल. खंबाटकी घाट चौथ्या गिअरात चढताना होणारी खडखड बहुधा चालवणाऱ्याची असते, गिअर उतरवावा. पण खालून जड ठोकठोक येत असेल, ऑइल पुरेसं असूनही आणि ओढ पडताच वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलंय. तिथे गाडी बंद करून टेम्पो बोलवावा. हे घरच्या अंगणातलं काम नव्हे.

किल्ली काढल्यावर अंधारात टिण्... टिण्... ऐकू येतं ते निराळं. तापलेला सायलेन्सर थंड होताना आकसतो, एवढंच. त्याला पाना लागत नाही.